विद्यापीठाचा घुमट आणि मुलांच्या खोल्या

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आरती झाली आहे, प्रसाद अजून व्हायचा आहे आणि या दोहोंच्या मध्ये मी उभा आहे, याची मला जाणीव आहे. वेळेत संपवतो.

कार्यकारिणीने मला विषय दिला तो ‘आपलं विद्यापीठ : इतिहास आणि सोयी’. समोर चार-पाच निवृत्त प्राध्यापक बसलेले मला दिसत आहेत. मी डिप्लोमा झालेला माणूस, मार्ग-मकान खात्यातला ओव्हरसिअर. हल्ली कागदावर आमच्या हुद्द्याला लांबलचक नाव आहे, पण साइटवर अजून ओव्हरसिअरच म्हणतात. तेव्हा इतिहास प्राध्यापकांनी सांगावा. सोयींचं मात्र मला थोडंफार कळतं, कारण नळ, संडास, जिना आणि गळणारं छत हाच माझा रोजचा अभ्यास. म्हणून मी सोयींपैकी एकच सोय निवडली आहे : बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलाने राहायचं कुठे?

सुरुवात घुमटापासूनच करावी लागते, कारण बडोद्याचं शिक्षण म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. आज जी आर्ट्स फॅकल्टी आहे ते मूळचं बडोदे कॉलेज. त्याची कोनशिला ८ जानेवारी १८७९ रोजी बसली. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते, कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. हे माधवराव कुंभकोणमचे, तंजावरकडे जाऊन स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. म्हणजे घर सोडून दूर रुजलेल्या मराठी माणसाचं बडोद्याशी नातं किती जुनं आहे पाहा. इमारतीचा आराखडा रॉबर्ट चिझम यांचा. मेजर मँट वारल्यावर लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम तडीला नेणारे तेच. विजापूरच्या गोलघुमटानंतर एवढा मोठा बांधीव घुमट देशात दुसरा नाही, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात. मी टेप लावून मोजलेला नाही. पण बांधकामातला माणूस म्हणून एक सांगतो. घुमटाचं वजन नुसतं खाली येत नाही, ते बाजूलाही रेटा देतं. तो रेटा पेलायला खालच्या भिंती जाड ठेवाव्या लागतात. लोक वर बघून वाहवा करतात. काम खालच्या भिंती करत असतात.

१८८१ मध्ये कॉलेज सुरू झालं. पण परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या. म्हणजे शिकायचं बडोद्यात आणि परीक्षेला जायचं मुंबईला. विनोबा भावे हे आपल्याच कॉलेजचे विद्यार्थी. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. परीक्षेचं केंद्र बडोद्यातच असतं तर काय झालं असतं, असा विचार कधीकधी माझ्या मनात येतो. असो. श्रीअरविंद १८९३ मध्ये महाराजांच्या नोकरीत आले, पुढे याच कॉलेजात त्यांनी इंग्रजी आणि फ्रेंच शिकवलं आणि १९०६ मध्ये बडोदे सोडलं. दांडिया बाजारातला त्यांचा बंगला आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच आहे.

ही मोठी नावं झाली. विनोबांचे वडील बडोद्यात नोकरीला, त्यामुळे त्यांना घर होतं. अरविंदबाबू तर खुद्द महाराजांचे माणूस. ज्याचं गावात कोणी नाही अशा पोराचं काय? त्याच्यासाठी आपल्या लोकांची जुनी पद्धत होती : वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. झोपायला कुणाच्या तरी ओसरीवर किंवा वाड्याच्या माळ्यावर. इथल्या कित्येक घरांत आजोबा-पणजोबांच्या अशा आठवणी सांगतात. आमच्या घरी सोनगढला पाच मुलं जेवायची, असं माझी आजी अभिमानाने सांगायची. पद्धत चांगलीच होती. फक्त एक गोष्ट आपण सांगताना गाळतो. वार कोणाला मिळायचा? ज्याचं आडनाव ऐकून घरातल्या बाईंचा जीव भांड्यात पडायचा, त्याला.

आता मला ज्या गोष्टीसाठी उभं राहावंसं वाटलं, ती सांगतो. ती आपल्याला ठाऊक नाही असं नाही, पण खोलीच्या बाजूने आपण ती फारशी पाहिलेली नाही.

१९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात ते प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण काही मानवेना, म्हणून थोड्याच दिवसांत ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंग्स्टन हॉल या दुसऱ्या वसतिगृहात राहिले. तिथे त्यांचे सोबती होते नवल भथेना, एक पारशी विद्यार्थी. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. विचार करा, एकाच छपराखाली राहणं, रात्री उशिरापर्यंत वाचणं, सकाळी उठून वर्गात जाणं. जेवण आवडलं नाही म्हणून जागा बदलता येणं हीसुद्धा केवढी मोठी गोष्ट! त्यांनी जागा बदलली ती जेवणासाठी. तू कोण, म्हणून कुणी त्यांना काढलं नव्हतं.

मग लंडन, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर १९१७ मध्ये परत. करारानुसार बडोद्यात हजर व्हायचं. महाराजांची नोकरी पक्की होती. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवारी सुरू झाली. पण स्टेशनवर उतरल्यावर पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच : मुक्काम कुठे? हिंदूंच्या खाणावळीत घेणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, नोंदवहीत पारशी नाव घालून, ते राहिले. रोजचा दीड रुपया, जेवणासकट. त्या जागेचं वर्णन त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात केलं आहे. माझ्या धंद्यामुळे मी ते एखादा इन्स्पेक्शन रिपोर्ट वाचावा तसं वाचलं. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, जोडून न्हाणीघर. बाकी सगळा मोठा हॉल मोडक्या खुर्च्या, बाकडी, फळ्या आणि भंगाराने भरलेला. वटवाघळांचा वावर. वीज नाही, रात्री एक हरिकेन कंदील. कचेरीतून आलं की त्या कंदिलाच्या उजेडात वाचत बसायचं.

या दिवसांत त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिला. मी सरकारी नोकर आहे. टेबलावरून टेबलावर फिरणारा कागद कसा असतो हे मला कोणी शिकवायला नको. कोणी नाही म्हणत नाही. सगळे पुढे पाठवतात. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघणार, तेवढ्यात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला सांगून गेले. त्यांनी एक आठवड्याची मुदत मागितली होती. ती मिळाली नाही. मग ते दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. म्हणजे बघा, नकार देण्यात कोणताही समाज मागे राहिला नाही. न्यूयॉर्कला ज्याने त्यांच्याबरोबर राहून जन्माची मैत्री जोडली तोही पारशी, आणि इथे काठ्या घेऊन आले तेही पारशी. तेव्हा कुठल्या एका समाजाला नावं ठेवायची मला इच्छा नाही.

मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले तास त्यांनी कमाटीबागेत बसून काढले. तिथली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून आपण जपतो. मला मात्र दरवेळी तिथून चालत जाताना दुसरंच काही जाणवतं. कमाटीबागेतून बाहेर पडून काळा घोडा ओलांडला की कॉलेजचा घुमट चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १९१७ मध्येही तो तिथेच होता. त्याच बडोद्याच्या पैशाने कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला माणूस, आणि त्याला एवढ्या शहरात एक खोली नाही. महाराज दूरदृष्टीचे होते, यात शंका नाही. १९०६ मध्ये सबंध संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण देणारा राजा होता तो. अंत्यज मुलांसाठी शाळा आणि बोर्डिंगंही त्यांनी काढली होती. शिष्यवृत्ती महाराजांच्या हातात होती, ती त्यांनी दिली. गावातली खोली गावकऱ्यांच्या हातात होती.

या प्रसंगानंतर बाबासाहेबांनी काय काय केलं हे सांगायला वेगळं व्याख्यान लागेल. मी फक्त खोल्यांपुरतं बोलतो. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने आरंभी जी कामं हाती घेतली त्यांत सोलापूरचं विद्यार्थी वसतिगृह होतं, ४ जानेवारी १९२५ पासूनचं. पुढे १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघालं, आणि नागसेनवनात वर्गांच्या बरोबरीने वसतिगृहं उभी राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं काढली, तीही याच विचाराने. शाळा गावात असून भागत नाही, मुलाला गावात झोपायला जागा हवी.

आपल्या विद्यापीठाकडे येतो. १९२६-२७ मध्ये कॉलेजातले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विजरी यांच्या अध्यक्षतेखाली एका आयोगाने स्वतंत्र विद्यापीठाचा विचार केला होता. महाराज १९३९ मध्ये गेले. पुढे प्रतापसिंहराव महाराजांच्या काळात ३० एप्रिल १९४९ रोजी विद्यापीठ अस्तित्वात आलं. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. घर सोडताना आईने पोराच्या हातात शेवटचा डबा द्यावा, तसं मला हे वाटतं. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, घटना समितीच्या सदस्य. मुलं-मुली एकत्र शिकतात अशा भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री कुलगुरू. आणि हे विद्यापीठ निवासी ठेवलं गेलं. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या कॉलेजांच्या नुसत्या परीक्षा घ्यायच्या नाहीत. शिकवणारे, शिकणारे, ग्रंथालय, मैदान, राहायचे हॉल, सगळं एका गावात.

हॉल हा शब्द आपल्याकडे रुळलेला. बाहेरचे लोक हॉस्टेल म्हणतात. बडोद्याचा विद्यार्थी म्हणतो, ‘मी हॉलमध्ये राहतो.’ प्रतापगंजाकडे त्या इमारती आहेत. मी विद्यार्थी म्हणून तिथे राहिलो नाही, पण मित्रांच्या खोल्यांवर इतका पडून असायचो की एका वॉर्डनसाहेबांना मी तिथलाच वाटायचो. काय असतं खोलीत? एक लोखंडी खाट, एक टेबल, एक खुर्ची, भिंतीतलं कपाट, वर पंखा. दाराला समोरासमोर खिडकी, म्हणजे उन्हाळ्यात वारा आरपार जातो. बाहेर लांबलचक गॅलरी, तिच्यावर वाळत घातलेले टॉवेल. टोकाला नळ आणि न्हाणीघरं. खाली मेस : रोटली, शाक, दाळ-भात, रात्री खिचडी-कढी. महिन्याच्या शेवटी खाड्यांच्या हिशोबावरून भांडण. परीक्षेच्या दिवसांत रात्री दोन वाजता ओळीने पेटलेले दिवे.

यात काहीच विशेष नाही असं वाटेल. पण त्या मेसमध्ये मी एका बाकावर डांगचा मुलगा, नागालँडचा मुलगा, सौराष्ट्रातल्या दरबाराचा मुलगा आणि आपल्या रावपुऱ्यातल्या एका घरात कधीच पाटावर बसवलं गेलं नसतं असा मुलगा जेवताना पाहिला आहे. कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. ताटं एकसारखी होती आणि आडनाव विचारायला वाढप्याला वेळ नव्हता.

आता थोडं माझ्याविषयी, आणि हे मी अजून कुठे बोललेलो नाही.

१९९५ मध्ये मी सोनगढहून बडोद्याला कलाभवनात डिप्लोमासाठी आलो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेलं कलाभवन, जिथे दादासाहेब फाळके शिकले. हॉलसाठी अर्ज करायचा असतो हे मला मुदत संपल्यावर कळलं, चूक माझीच. मग आत्याच्या ओळखीने एका वाड्यात, एकट्या राहणाऱ्या एका आजींकडे गेलो. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव, मग ‘म्हणजे नक्की कोण रे तुम्ही?’ मी सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. ‘ये हो, आपलंच घर समज,’ म्हणाल्या. आणि खरंच त्यांनी तीन वर्षं मला घरच्यासारखं वागवलं. तापात रात्रभर उशाशी बसल्या आहेत. माझ्या शेजारची खोली रिकामी होती.

वर्गात माझा एक मित्र होता, डभोईचा. घरात मराठी बोलणारा, वडील रेल्वेत. गणितात माझ्याहून चांगला. मला सर्व्हेइंग त्यानेच शिकवलं, वर्गात काही कळत नसे. तो रोज नॅरोगेजने प्रतापनगरला उतरून यायचा. पावसात गाडी रखडली की पहिले दोन तास बुडायचे. मी उत्साहाने म्हटलं, अरे, माझ्या शेजारची खोली रिकामी आहे, चल. त्याला घेऊन गेलो. आजींनी तेच तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिलं. आजी म्हणाल्या, ‘खोली कालच दिली बाबा.’

मी तिथेच उभा होतो. खोली दिलेली नव्हती, हे मला माहीत होतं आणि आजींनाही माहीत होतं की मला माहीत आहे. मी काही बोललो नाही. तो ‘बरं आजी, येतो’ म्हणाला, चपला घातल्या आणि गेला. संध्याकाळी आजींनी मला थालीपीठ दिलं. मी ते खाल्लं. आजींवर सगळं ढकलून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण त्या वयात मला बोलता येत नव्हतं असं काही नव्हतं. मला खोली गमवायची नव्हती.

तो तीन वर्षं गाडीनेच आला. दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला, तो पुढे काढला. माझ्याशी बोलणं त्याने कधी तोडलं नाही, आणि त्या दिवसाचा विषयही कधी काढला नाही. आज तो स्वतःचं काम करतो, चांगलं चाललं आहे.

गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला. मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला, हॉलच्या यादीत नाव अजून नाही. ‘तुमच्या मंडळाच्या वर खोल्या आहेत ना रे?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो.

दुसऱ्या दिवशी चिटणिसांकडून किल्ली घेऊन मी वर गेलो. जिना ज्यांनी अलीकडे चढलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : चार खोल्या आहेत. दोन खोल्यांत जुनी मखरं, थर्मोकोलचे खांब, फाटके मांडव आणि मोडक्या खुर्च्या. तिसरीत सतरंज्या. चौथीचं छत एका कोपऱ्यात गळतं. प्लास्टर ठोकून पाहिलं, पोकळ वाजतं, पण स्लॅब शाबूत आहे. वायरिंग जुनं आहे, सगळं बदलावं लागेल. जिना बाहेरून, स्वतंत्र आहे, ही मुलींच्या दृष्टीने मोठीच सोय. कपाटात इमारतीचा जुना नकाशा सापडला. त्यावर या चारही खोल्यांवर शाईने लिहिलं आहे : विद्यार्थी खोली. आपल्याच वडीलधाऱ्यांनी त्यासाठी वर्गणी गोळा केली होती. सोबत जुनी नोंदवहीही मिळाली. काही वर्षं मुलं राहिली आहेत इथे. वहीत रकाने पाच : नाव, गाव, कॉलेज, पोटजात, कोणाच्या शिफारशीने.

त्या मुलीला वेळेत खोली देता आली नाही. ती आता डभोईहून येते. लाइन ब्रॉडगेज झाली, गाडी पूर्वीपेक्षा बरी आहे, पण सकाळी लवकर निघावंच लागतं.

मी रविवारी बसून एस्टिमेट केलं आहे. छताची दुरुस्ती, वायरिंग, दोन न्हाणीघरं, दोन संडास, पाण्याची टाकी, आठ खाटा, आठ टेबलं आणि खिडक्यांना जाळ्या. देखरेख मी करीन, तिचे पैसे नकोत. सगळं मिळून पावणेचार लाखांच्या आसपास जातं. मखराच्या सामानासाठी तळमजल्यावर जिन्याखाली जागा निघते, तीही मापून ठेवली आहे. कागद चिटणिसांकडे दिला आहे, दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत तो येईल. त्याला प्रवेश-अर्जाचा नमुनाही जोडला आहे. त्यात रकाने चार आहेत : नाव, गाव, फॅकल्टी, पालकांचा फोन.